महादेवाला मोकळं करायला

आमच्या गावात पाऊस लांबला की महादेवाला कोंडायची पद्धत होती. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग नेमकं काय करतात ते विचारतो. नेमकं असं करतात. गावामागच्या डोंगराच्या माथ्यावर झिऱ्याच्या महादेवाचं दगडी देऊळ आहे, त्याचा गाभारा चार पायऱ्या खाली. गाभाऱ्यातलं पाणी बाहेर जायची मोरी चिंध्या आणि चिखल कोंबून बुजवायची, दाराला छातीएवढा दगडमातीचा बांध घालायचा आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत आत पाणी ओतायचं. देवळाजवळचा झिरा, म्हणजे झरा, तेव्हा आटलेला असतो, नाहीतर हे करायची वेळच आली नसती, म्हणून पाणी गावातून न्यायचं. गावात प्यायला पाणी दिवसाआड आणि डोंगरावर शंभर हंडे, याचं कुणाला काही वाटत नसे. आत महादेव गुदमरला की स्वतःच्या सुटकेसाठी पाऊस पाडतो, असा त्यामागचा साधा विचार. यात भक्ती किती आणि दमदाटी किती, हे मला पासष्टी ओलांडल्यावरही ठरवता आलेलं नाही.

या कामाचे दोन नियम होते. ज्या घरच्या हातानं बांध घातला त्याच घरच्या हातानं तो फोडायचा. आणि महादेव कोंडलेला असेपर्यंत त्या घरातल्या कुणीही गावच्या शिवेबाहेर मुक्काम करायचा नाही. दिवसा बाजाराला जावं, दिवेलागणीला परत यावं. देव अडकून पडलाय आणि कोंडणारा पाहुणचार झोडतोय हे बरं दिसत नाही, म्हणून असावा. त्या वर्षी पेरण्या होऊन तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, तेव्हा बांध घालायला गावानं माझ्या बाबांना निवडलं. त्यांचं नाव सदाशिव. महादेवाला राग आलाच तर नावाकडे पाहून तो आवरता घेईल, असं लोकांना वाटलं.

आमची दोन एकर बागाईत होती. वांगी, मिरच्या, मेथी आणि सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. पहाटे मेथी उपटायची, जुड्या बांधायच्या, आणि सकाळच्या गाडीनं बाबा नांदुऱ्याच्या बाजाराला. घरात माणसं तीन. थोरली बहीण लग्न होऊन दुसरबीडला गेलेली, ती वर्षातून एकदा यायची आणि पाहुण्यासारखी पाटावर बसून जेवायची. उरलो बाबा, माय आणि मी. माझं कागदोपत्री नाव प्रमिला, पण एकोणीस वर्षांची झाले तरी घरात आणि गावात बेबीच होते. माय बोलत नसे. मुकी नव्हती, रागीटही नव्हती. तिला बोलण्याची गरज पडत नसे. दिवसाला आठ-दहा वाक्यांत तिचा संसार चालायचा. त्यामुळे बाबांच्या वाट्याचं सगळं बोलणं माझ्याकडे यायचं. मिरच्या बांधायला ते रद्दी आणत, आणि संध्याकाळी त्यातला एकेक कागद मी त्यांना वाचून दाखवायची. कागद फाटका असायचा, त्यामुळे कुठलीही बातमी शेवटापर्यंत जात नसे. चोर पकडला गेला की नाही, पुतण्यानं काकाला ओळखलं की नाही, हे आम्ही दोघं आपल्या मनानं ठरवायचो आणि त्यावरून भांडायचो. माय भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा फक्त म्हणाली, "पुतण्याच चोर असन," आणि तवा उतरवून ठेवला.

कोंडल्यापासून आठव्या दिवशी पाऊस आला. चांगला आला. रिवाजाप्रमाणे लगेच जाऊन महादेवाला सोडायला हवं होतं, पण मारुतीच्या पारावर बसून गावानं वेगळा विचार केला. पुढाकार जानरावकाकांचा. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून होतं आणि दर वर्षी ते मूग पेरायचे. ते म्हणाले, "सदाभाऊ, आताच नको सोडू बॉ. एक झड लागून जाऊ दे. कपाशी कमरेले लागू दे." देव हाताशी आहे तर थोडा जास्त राबवून घ्यावा, असा एकूण सूर होता. बाबा काही बोलले नाहीत. म्हणजे महादेव आतच, असं गावानं धरलं. आम्हीही तसंच धरलं.

झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे एकदा सुरू झाली की दिवसरात्रीचा फरक न करणारा पाऊस. आमचं घर धाब्याचं, मातीच्या छताचं. तिसऱ्या दिवशी ते झिरपू लागलं. जिथे गळेल तिथे माय भांडं ठेवायची, आणि भांडी संपली तेव्हा तिनं भाजीच्या टोपल्यांत ताटं मांडली. पितळी गंजात वेगळा आवाज, जर्मनच्या भगुण्यात वेगळा, ताटात तर पाणी चिडल्यासारखं वाजायचं. बाबांच्या खाटेच्या बरोबर मधे एक धार होती. त्यांनी खाट हलवली नाही. पोटाशी तपेली घेऊन ते तिच्याभोवती वळून झोपायचे. चुलीत कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांचा धूर, त्यात डोळे चोळत मायनं थापलेली कळण्याची भाकर, वर तेलाची धार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. माझ्या सुना हल्ली उडीद-ज्वारीचं पीठ पिशवीतून आणतात आणि कौतुकानं कळण्याची भाकरी करतात. चव तीच असते. धूर नसतो, म्हणून मला ती अर्धवट लागते. हे मी त्यांना सांगत नाही.

याच दिवसांत माझं प्रकरण चाललं होतं. आमच्या गावात आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथे इंगळे सिस्टर होत्या, मूळच्या मेहकरच्या. पांढरी साडी, हातात पेटी, आणि चिखलातही सरळ चालणं. त्या बाळंतपणाला घरात शिरल्या की घरातले पुरुष आपोआप उठून बाहेर जात. मला त्या गोष्टीचं फार आकर्षण होतं. बारावी झाल्यावर त्यांनीच माझा बुलढाण्याच्या नर्सिंगच्या शाळेचा अर्ज भरला. बाबांना वाटलं, भरू दे, कुठे लागतोय नंबर. आणि नंबर लागला. यादीत नाव असल्याचं सिस्टर स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, आणि पुढे झड चालू असताना पत्र आलं. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता पालकासह हजर राहावे, तीन वर्षे वसतिगृहात राहणे सक्तीचे, हजर न राहिल्यास जागा पुढच्या उमेदवारास देण्यात येईल. मी ते बाबांना रद्दीसारखंच मोठ्यानं वाचून दाखवलं. हा कागद मात्र पूर्ण होता.

बाबा म्हणाले, "महादेव कोंडेल हाये. शिवेबाहेर मुक्काम कसा करशीन?"

मी म्हणाले, "मंग सोडा त्याले."

"गुडघा दुखून राह्यला," बाबा म्हणाले.

गुडघा खराच होता, पण तोच गुडघा घेऊन ते रोज बाजाराला जात होते. दरम्यान गावाचं मतही फिरलं. मुगाच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटायला लागले. जानरावकाका दोन माणसं घेऊन आले आणि ओसरीत डोक्यावरची पोत्याची खोळ झटकत म्हणाले, "सदाभाऊ, आता सोड बॉ त्याले. लय झालं." बाबांनी गुडघा दाखवला. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा कुदळीचा दांडा निघालेला होता. तिसऱ्या दिवशी प्रदोष निघाला. महादेवाला सोडायला प्रदोषाची काय अडचण, असं कुणीतरी विचारलं, त्यावर बाबा आभाळाकडे पाहत राहिले. इंगळे सिस्टरही येऊन गेल्या. त्या बौद्ध, आमच्या महादेवाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी शांतपणे चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या देवाचं तुमी पाहा, भाऊ. पण सोमवारी अकरा वाजता तठी कोनाचाच देव चालत नाही. पुढच्या पोरीचं नाव घेतीन."

मी रडले, जेवण टाकलं, भांडी आपटली. एकोणिसाव्या वर्षी जे जे करता येतं ते केलं. बाबा त्या दिवसांत माझ्याशी बोलायचे थांबले होते आणि रद्दीही वाचायला सांगत नव्हते. मला वाटलं देवाची भीती असेल. नियम मोडायचा धीर मलाही नव्हता. गावातून पळून जाणाऱ्या मुलींच्या गोष्टी आम्ही रद्दीत वाचल्या होत्या, पण त्यांचा शेवट नेहमी फाटलेल्या भागात असायचा.

रविवारी सकाळी बाबा गोठ्यात असताना मायनं भाकरी फडक्यात बांधल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, कुदळीत दांडा बसवला, ती उचलली आणि मला म्हणाली, "चाल."

"कुठी?"

"वर्ते. घरचाच हात पायजे ना? आपले काई परायचे हात नाही."

एवढं मोठं बोलणं तिच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आम्ही निघालो. माझ्या डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, मायच्या हातात छत्री. ही छत्री बहिणीच्या लग्नात आलेली, कधी वापरली नव्हती. देवाकडे जायचं म्हणून मायनं ती काढली होती. गावाबाहेरच्या बाभळीपाशी वाऱ्यानं तिच्या काड्या वर केल्या, आणि पुढे अर्धा तास माय ती उलटी छत्री तशीच धरून चालत होती. तिच्यात पाणी साचलं की ती शांतपणे ओतून द्यायची. मी टाकून दे म्हणाले तर ऐकू न आल्यासारखं केलं.

पायथ्यापर्यंत काळी माती. पाऊल उचललं की चप्पल मागे राहायची आणि चप्पल उचलली की तिच्यासोबत दोन शेर रान यायचं. आम्ही चपला एका पळसाच्या झाडाला टांगल्या आणि अनवाणी निघालो. पुढे मुरूम, मग दगड, दगडांवरून पाणी. वाट कुठली आणि ओढा कुठला ते कळत नव्हतं, कारण ओढ्यानं वाटच धरली होती. तोही वरून त्याच वाटेनं येत होता, फक्त आमच्या उलट दिशेनं. मी दोनदा घसरले. पहिल्यांदा मायनं हात दिला. दुसऱ्यांदा ती थांबली, मी आपली आपण उठते का ते पाहिलं, आणि उठले तशी पुढे निघाली. आज पायथ्यापासून देवळापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या आहेत आणि माथ्यावर मोबाइलचा मनोरा. पावसाळ्यात पोरंपोरी रंगीत रेनकोट घालून भिजायला येतात आणि भिजल्याचे फोटो काढतात. आम्हाला भिजणं ही काढण्यासारखी गोष्ट वाटली नव्हती.

निम्म्यावर आलो तेव्हा खालून हाक आली. मी वळून पाहिलं. धुक्याच्या फटीतून, खाली पळसापाशी एक घोंगडी हलताना दिसली. बाबा. ते तोंडाशी हात धरून ओरडत होते, पण वारा शब्द उचलून भलतीकडे नेत होता. आमच्यापर्यंत नुसतं "ओ... ओ..." येत होतं.

मी म्हणाले, "माय, बाबा बलावून राह्यले."

"वारा हाये," माय म्हणाली. "काई ऐकू येत नाही."

तिला ऐकू येत होतं. मला तेवढं कळत होतं. आम्ही चालत राहिलो आणि बाबा मागून चढत राहिले. दर थोड्या वेळानं ती हाक येई, आधीपेक्षा जरा दमलेली. मला वाटलं, आम्हाला थांबवायला येत आहेत. नियम त्यांचा, बांध त्यांचा, बायकांनी हात लावू नये म्हणून येत असतील. मी पाय उचलले. ते पोचायच्या आत बांधावर एक तरी घाव घालायचा, असं मी ठरवलं होतं. पहिला घाव पडला की देव सुटला आणि देव सुटला की मी सुटले, एवढंच डोक्यात होतं.

माथ्याच्या आधी एक जागा आहे, तिला घोड्याची पाठ म्हणतात. दोन्ही बाजूंना उतार आणि मधे बैलगाडीएवढी रुंद वाट. महादेवाला कोंडताना तिच्यावरून हंडे डोक्यावर घेऊन आम्ही गप्पा मारत गेलो होतो. त्या दिवशी तिथे पाऊल ठेवलं आणि वाऱ्यानं मला दोन हात बाजूला सरकवलं. पाऊस खालून वर येत होता. नाकात, कानात, खोळीच्या आत. मायनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस."

मला वाटलं दम खायचाय. पण ती स्वतः खाली बसली, कुदळ मांडीवर आडवी घेतली आणि बसल्या बसल्या पुढे सरकायला लागली. मीही तसंच केलं. अशा रीतीनं आम्ही दोघी मायलेकी महादेवाच्या सुटकेसाठी बूड घासत घोड्याच्या पाठीवरून गेलो. मधेच छत्री सुटली. ती उडाली, उतारावर दोन कोलांट्या खाल्ल्या आणि धुक्यात नाहीशी झाली. माय क्षणभर तिकडे पाहत राहिली. "चांगली होती," एवढं म्हणून ती पुढे सरकली. मला भयंकर भीती वाटत होती. खाली दरी दिसत नव्हती, तरी ती आहे हे माहीत होतं. मी रडत होते आणि पावसात ते कुणाला दिसत नाही याचं मला बरं वाटत होतं.

देवळाशी पोचलो. मी मायच्या हातातून कुदळ घेतली, दाराकडे धावले आणि थांबले. फोडायला बांध नव्हता.

दार मोकळं होतं. बांधाचे दगड काढून भिंतीला लावून नीट रचून ठेवले होते, मोठे खाली, लहान वर. बांधाची माती बाजूला ओढलेली होती आणि तिच्यावर बोटभर हिरवं गवत उगवलं होतं. मोरीतल्या चिंध्या बाहेर धोंड्यावर पसरलेल्या. आत गाभारा कोरडा. वाऱ्यानं आलेले चार शिंतोडे सोडले तर पाण्याचा टिपूस नाही. पिंडीवर बेलाची पानं होती, वाळून तपकिरी झालेली. महादेव चांगले महिनाभर श्वास घेत होते.

मला आधी काहीच समजलं नाही. माय पायऱ्या उतरून आत गेली, बेलाचं पान उचलून पाहिलं, परत ठेवलं. मग दगडांच्या त्या रचलेल्या थराकडे पाहिलं. आमच्या वावरातले बांध बाबा असेच रचायचे, मोठे खाली, लहान वर. ती बाहेर येऊन देवळाच्या आडोशाला बसली आणि वाटेकडे तोंड करून वाट पाहू लागली. मी कुदळ हातात धरून उभी होते. ती खाली ठेवायची हे मला सुचलं नाही.

बाबा पोचायला बराच वेळ लागला. घोड्याच्या पाठीवरून तेही बसूनच आले असावेत, धोतराचा मागचा भाग तसं सांगत होता. येऊन ते मायपासून हातभर अंतरावर बसले आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. बराच वेळ नुसता श्वास चालला होता. मग म्हणाले, "म्या सांगत होतो खालून. देव सुटेल हाये म्हून. नका जाऊ म्हनत होतो, पाय घसरन."

माय म्हणाली, "कधी सोडला?"

"पाऊस आला त्याच्या तिसऱ्या दिवशी. बाजाराहून येता येता. वचन होतं ना त्याले. त्यानं पानी देलं. आता त्याले काऊन कोंडून ठेवा? लोकायचं काय जाते, ठेव कोंडून म्हनाले." त्यांनी गुडघा चोळला. "गावाले सांगनारच होतो. खाली उतरलो, घरी आलो, त ओसरीत सिस्टर बसेल. यादीत नाव आलं म्हने बेबीचं."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. त्या दिवशी देव मोकळा झाल्याचं सांगितलं असतं तर मला अडवायला घरात दुसरं काही नव्हतं. म्हणून ते गप्प बसले. गाव त्यांच्यामागे लागलं, मूग कुजायला लागला, जानरावकाका तोंडाला येईल ते बोलले, आणि हा माणूस गुडघा दाखवत, दांडा काढून ठेवत, प्रदोष शोधत बसला.

मी म्हणाले, "बाबा, देवाले सोडलं न मले ठेवलं कोंडून?"

ते माझ्याकडे पाहत नव्हते. "थोरली गेली दुसरबीडले, ते पाहुनी झाली. तूबी जाशीन. मंग घरात म्या बोलाव कोनासंगं?"

"मी हाये ना," माय म्हणाली.

"तू कुठी बोलतं," बाबा म्हणाले.

मायनं पदर पिळला.

मला राग आला. किती आला ते आजही सांगता येतं, कारण तो पूर्ण गेलेला नाही. पुढे चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली, माणसांना काय काय लपवताना पाहिलं, बायकोपासून आजार, मुलांपासून मरण. तरी रात्रपाळीत कधी कधी ते रचलेले दगड आठवून माझे कान गरम व्हायचे. आणि त्याच वेळी, तिथे देवळापाशी भिजत उभी असताना, मला त्या माणसाची कीवही आली. एवढा बोलका माणूस. महिनाभर एक गोष्ट पोटात ठेवून जगला, आणि ती सांगावी अशी एकमेव व्यक्ती मी होते, तर तिलाच सांगता येत नव्हती. तेव्हा मला हे दोन्ही एकदम झेपलं नाही. मी कुदळ आपटली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

मायनं फडकं सोडलं. भाकरी भिजून लापशी झाल्या होत्या. तिनं त्यातल्या त्यात धड भाकर काढली, तिच्यावर ठेचा ठेवला आणि ती बाबांना दिली. मग मला दिली. मग स्वतः घेतली. आम्ही तिघांनी तोंडं तीन दिशांना करून जेवून घेतलं. वारा देवळाच्या दारातून आत शिरून घुमत होता, आणि आतल्या घंटेचा लोळा मधूनच आपोआप हलून वाजत होता. बाबांनी दर वेळी हात जोडले.

निघताना मायनं कुदळ उचलली, मातीच्या त्या ढिगावर पाच-सात घाव घातले, पात्याला चांगला चिखल लागू दिला आणि कुदळ खांद्यावर घेतली. बाबा पाहत राहिले. माय म्हणाली, "गावाले दाखवाले लागते." बाबांची बाजू तिनं घेतली की माझी, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं.

खाली पारावर माणसं जमली होती. बायकांनी जाऊन देव सोडल्याची बातमी आमच्या आधी पोचली होती. जानरावकाका पुढे आले, चिखलाची कुदळ पाहिली आणि विचारलं, "सुटला?"

"मोकळा हाये," माय म्हणाली, आणि न थांबता घराकडे चालू लागली. त्यात खोटं काही नव्हतं. बाबा तिच्या मागून लंगडत गेले, आणि एवढा गुडघा दुखत असतानाही बायकोच्या सोबतीला डोंगर चढले म्हणून गावात त्यांचं नाव झालं. पाऊस त्या दिवशी थांबला नाही. तो आणखी तीन दिवस पडला. माणसं तीन गेली होती म्हणून तीन दिवस लागले, असं पारावर ठरलं. पुढे दोन वर्षांनी पुन्हा पाऊस लांबला तेव्हा लोक बांध घालायला मायला बोलवायला आले. बाईमाणसाच्या हाताला देव लवकर ऐकतो, असा अनुभव होता म्हणे. मायनं त्यांना चहा दिला.

सोमवारी सकाळी मी पत्र्याची पेटी भरली. मी बाबांशी बोलत नव्हते. पालकासह हजर राहावे असं पत्रात होतं, आणि पालक येईल की नाही हे मी विचारणार नव्हते. इंगळे सिस्टरांनी सोबत यायची तयारी दाखवली होती, पण त्यांची सही चालली नसती हे त्यांनाही माहीत होतं. मी पेटी उचलायला वाकले तेव्हा बाबांनी ती आधीच डोक्यावर घेतली होती. धोतर धुतलेलं, ओलंच नेसलेलं. शिवेवरच्या नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. त्यांनी पेटी एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं मला, आणि दुखऱ्या गुडघ्यानं पाणी चाचपत पलीकडे नेलं. मोताळ्याला गाडी मिळाली. घाटात धुकं इतकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून रस्ता पाहत होता. दोन तास आम्ही शेजारी शेजारी बसलो आणि एक शब्द बोललो नाही. बाबांना ते किती जड गेलं असेल याची मला कल्पना होती, आणि मी ते त्यांना जड जाऊ दिलं.

शाळेच्या कचेरीत आम्ही सव्वाअकराला पोचलो. नावं पुकारून झाली होती, पण माझी जागा अजून पुढच्या मुलीला दिली नव्हती. कारकून चांगला माणूस होता, त्यानं दोघांच्या कपड्यांतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, उशीर का झाला ते विचारलं नाही आणि बसायला स्टूल दिलं. मग एक छापील कागद बाबांपुढे ठेवला आणि रोज म्हणत असल्यासारखं म्हणाला, "मुलगी तीन वर्षं वसतिगृहात राहणार. सुट्टी वर्षातून दोनदा. मधेच घरी नेता येणार नाही. पालकांना हे मंजूर आहे, असं यात लिहिलंय. मंजूर आहे ना?"

बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. डोंगरावरून उतरल्यापासून मी त्यांच्याशी पहिल्यांदाच तोंड उघडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कारकुनानं पेन पुढे केलं आणि पुन्हा विचारलं, "मग, मंजूर?"

"मंजूर नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी पेन घेतलं. "सही कुठी करू ते दाखवा."